सोनवणेसाहेबांच्या बरण्या

आयुष्यात मी ज्या माणसाला सर्वांत जास्त हसलो त्याचं नाव यशवंत सोनवणे. हसायला कारणं भरपूर होती आणि ती सगळी त्यांनी स्वतःच पुरवलेली होती. साठीला टेकलेला हा गृहस्थ पाऊस आला की सगळ्यांच्या उलट बाहेर पळायचा आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत गढूळ पाणी भरून परत यायचा. त्या बरणीवर तारखेची चिठ्ठी डकवायचा, ती खिडकीत ठेवायचा आणि मग हात धुऊन डबा खायला बसायचा. कंपनी त्याला याचा पगार देत होती.

ही गोष्ट दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. मिल्टन कीन्सच्या काठावर तेव्हा घरं बांधायचा नुसता धडाका चालला होता. मी पुण्याहून वर्क परमिटवर आलेला साइट इंजिनिअर. माझा परवाना कंपनीच्या नावाने होता, म्हणजे कंपनी आहे तोवर मी इंग्लंडात. पहिल्याच दिवशी आमचा प्रोजेक्ट मॅनेजर केव्हिन मला ऑफिसच्या केबिनमध्ये घेऊन गेला आणि म्हणाला, "सनी, हा लेले. तुझ्या गावचा आहे." केव्हिनच्या हिशेबी भारत हे एक मध्यम आकाराचं गाव होतं. सोनवणे हे नाव जिभेवर बसेना म्हणून त्याने त्यांचं 'सनी' करून टाकलं होतं, आणि पावसाची सगळ्यात जास्त काळजी करणाऱ्या माणसाला असं नाव दिल्याचं त्याच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

सोनवणेसाहेबांनी मला नमस्कार-चमत्कार काही केला नाही. एक बरणी उचलली, तिच्यामागे त्या दिवशीचा पेपर धरला आणि मराठीत म्हणाले, "वाच."

"काही दिसत नाही."

"हेडलाइनपण नाही?"

"नाही."

"मग हे पाणी आज कुठंही जाणार नाही. बस. चहा घेतोस?"

इंग्लंडात बांधकामावर साचलेलं पावसाचं पाणी असंच ओढ्यात सोडून देता येत नाही. उघडी पडलेली माती पावसाबरोबर वाहते, ते पाणी ओढ्यात शिरलं की मासे गुदमरतात. म्हणून सरकारच्या पर्यावरण खात्याचा परवाना लागतो. परवान्याला अटी असतात. पाणी आधी साइटवरच्या तळ्यात साठवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळलेलं पाणी तेवढं सोडायचं. दर आठवड्याला आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर सगळीकडे फिरून बघायचं आणि जे दिसलं ते रजिस्टरात लिहायचं. इतर साइटवर हे रजिस्टर सोमवारी सकाळी चहा पिता पिता आठवडाभराचं एकदम भरलं जाई. आमच्याकडे सोनवणेसाहेब होते, त्यामुळे ती सोय नव्हती.

परवान्याला प्रयोगशाळेचा रिपोर्ट लागायचा, तो ते नियमाने मागवत. पण त्यांचा स्वतःचा भरवसा बरणीवर आणि पेपरवर. हेडलाइन वाचता आली तर अजून थांबायचं. बातमी वाचता आली तर उद्या बघू. मागच्या पानावरच्या छोट्या जाहिराती वाचता आल्या की तळ्याचा व्हॉल्व्ह उघडायचा. बरण्या मराठी मंडळातल्या घराघरांतून गोळा केलेल्या. त्या कितीही धुतल्या तरी लोणच्याचा वास सोडत नसत. एकदा बाटल्या संपल्या म्हणून त्यांनी प्रयोगशाळेलाही बरणीच पाठवली, तर रिपोर्टात वासाच्या रकान्यात 'अनोळखी, मसालेदार' असं आलं. साहेबांनी तो रिपोर्ट तसाच फाइलला लावला आणि रजिस्टरात लिहिलं, 'बरणी नीट धुतली गेली नाही. चूक माझी.'

हा त्यांचा दुसरा विक्षिप्तपणा. स्वतःच्या चुका इतक्या आवडीने लिहून ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. 'गाळ अडवायचं कापडी कुंपण खालून सुटलं होतं, मला दोन दिवस उशिरा दिसलं.' 'पंप चालू ठेवून जेवायला गेलो.' केव्हिन कपाळावर हात मारून घ्यायचा. "सनी, हे खातं वाचतं रे."

"वाचायलाच ठेवलंय," सोनवणेसाहेब म्हणायचे.

रिटायर व्हायला त्यांना दीड वर्ष उरलं होतं आणि रजिस्टराची पानंही साधारण तेवढीच उरली होती. "हे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत खरं गेलं पाहिजे. मग मी मोकळा," असं ते मला महिन्यातून एकदा तरी ऐकवत. लोकांना निवृत्तीआधी घराचे हप्ते फेडायचे असतात, क्रूझवर जायचं असतं. यांना एक वही खरी ठेवायची होती. मी लंडनजवळच्या स्टॅनमोरच्या मित्रांना फोनवर हे सांगायचो आणि आम्ही पोट धरून हसायचो.

त्यांच्याबरोबर गाडीत बसणं ही एक वेगळीच शिक्षा होती. मिल्टन कीन्स हे गाव ज्याने आखलं त्याला सरळ जाणाऱ्या माणसाचा राग असावा. दर पाव मैलाला राउंडअबाउट. आणि सोनवणेसाहेबांना बोलता बोलता राउंडअबाउट सोडता येत नसे. वाक्य चालू असेल तर ते पूर्ण होईपर्यंत ते गोल फिरत राहत. छोटं वाक्य असलं तर एक फेरी. परवान्यातलं एखादं कलम समजावून सांगत असले तर तीन. मागचे लोक हॉर्न वाजवत, त्याचा त्यांच्यावर काडीचा परिणाम होत नसे. वाक्य संपलं की इंडिकेटर देऊन शांतपणे बाहेर.

पाऊस ही त्यांच्या दृष्टीने कामाची गोष्ट होती. इंग्रज माणूस हवेबद्दल बोलतो ते वेळ काढायला. सोनवणेसाहेब बोलायचे ते माहिती काढायला. रविवारी सकाळी अकरा वाजता फोन यायचा, "लेले, तुझ्याकडं थेंब मोठे आहेत का बारीक?" मी पांघरुणातून म्हणायचो बारीक. अर्ध्या तासाने ते स्वतः साइटवर पोचलेले असायचे, कारण माझ्या थेंबांवर त्यांचा विश्वास नव्हता.

एकदा कंपनीचे एक डायरेक्टर साइट बघायला आले. बदामी बूट, चकाकती गाडी. तासभर फिरून निघाले तर गेटवर सोनवणेसाहेब आडवे उभे. गाडीच्या चाकांना चिखल होता. चिखल रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात, गटारातून ओढ्यात. म्हणून चाकं धुतल्याशिवाय एकही वाहन बाहेर जाणार नाही, हा त्यांचाच नियम. केव्हिनचा चेहरा पांढरा पडला होता. डायरेक्टरांनी काच खाली करून विचारलं, मी कोण आहे माहीत आहे का? साहेब म्हणाले, माहीत आहे, आणि पाण्याचा पाइप त्यांच्या हातात दिला. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. पुढच्या महिन्यात तो कंपनीच्या मासिकात छापून आला, खाली मजकूर, 'पर्यावरणाबाबत आमची बांधिलकी वरपासून सुरू होते.' सोनवणेसाहेबांनी ते पान कापून नोटीस बोर्डावर लावलं आणि पेन्सिलीने एक बाण काढून लिहिलं, 'मागचं डावं चाक राहिलं आहे.'

साहेब मंडळात फारसे रमत नसत. वर्षातून एकदा जेवायला येत, चौदा एप्रिलला रजा घेऊन आपल्या लोकांत जात, आणि दोन्हीकडे वेळेवर पोचत. पण एका वर्षी मंडळाचे अध्यक्ष फडके यांच्या डोक्यात आलं की यंदा गणपतीचं विसर्जन बादलीत नको, तलावात करू. मिल्टन कीन्समध्ये तलावांना तोटा नाही. पावसाचं पाणी साठवायलाच ते खोदलेत. पार्कवाल्यांची परवानगी काढायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं, इंजिनिअर म्हणून. मी ते सोनवणेसाहेबांकडे दिलं, परवान्याचा माणूस म्हणून. ही माझी चूक झाली.

त्यांनी आधी गणपती वजन करायला मागितला.

फडक्यांच्या दिवाणखान्यात, आरास चालू असताना, हा माणूस मूर्तीकडे बघत म्हणाला, "शाडूचा आहे ना? म्हणजे हा सगळा पाण्यात उतरणार. वाळला असेल तर चारेक किलो गाळ धरू."

फडके म्हणाले, "अहो सोनवणे, तो गणपती आहे."

"तेच म्हणतोय मी. अर्जात काय लिहू? गणपती लिहिलं तर ते वजन विचारणारच."

त्यांनी चार पानी अर्ज केला. बाप्पाचं वजन, मातीचा प्रकार, रंग कसले, विरघळायला लागणारा वेळ, वारा कुठल्या दिशेने असण्याची शक्यता. पार्कवाल्यांना असा अर्ज जन्मात आला नसणार. उत्तर आलं की धार्मिक कार्यक्रमाला आमची हरकत नाही, मात्र विसर्जन तलावाकाठी ठेवलेल्या बंद भांड्यात करावं. साधं विचारलं असतं तर कदाचित हो म्हणाले असते. त्यामुळे अनंत चतुर्दशीला ढोल, झांजा, गुलाल, नऊवारी सगळं तलावाकाठी पोचलं आणि तिथं आमच्याच साइटवरचं निळं प्लॅस्टिकचं पिंप उभं होतं. सोनवणेसाहेब शेजारी टॉवेल घेऊन.

फडके तोंडावर काही बोलले नाहीत. सोनवण्यांचं नाव घेऊन मागून कुणीतरी बोललं, नेहमीच्या आवाजापेक्षा जरा वर. "त्यांना काय फरक पडतो. देव थोडाच आहे त्यांचा." मी बाजूलाच उभा होतो. मला ऐकू आलं म्हणजे त्यांनाही आलंच असणार. माझ्या हातात प्रसादाची पिशवी होती, मी ती उगाचच पुन्हा बांधली.

सोनवणेसाहेब वळून म्हणाले, "खरंय, देव तुमचाच. पाणी मात्र खाली सगळ्यांचं जातं." मग त्यांनी फडक्यांना पिंपाचं झाकण कसं उघडायचं ते दाखवलं.

पुढचे आठ दिवस त्या पिंपातला गाळ त्यांनी बसू दिला, वरचं पाणी बरणीत तपासलं आणि खालची माती आपल्या बागेतल्या गुलाबांना घातली. पुढच्या वर्षी ते गुलाब असे काही फुलले की फडकेवहिनी स्वतः येऊन पूजेला फुलं घेऊन गेल्या. त्या मातीची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नाही. मी सांगणार होतो, पण साहेबांनी मला डोळ्यांनीच गप्प बसवलं. एवढी संधी हातात असून न वापरणारा माणूस मला तेव्हा नुसता बावळट वाटला.

विसर्जनाहून परतताना गाडीत मी त्यांना विचारलं की एवढं कशाला ताणलंत, चार किलो मातीने कुठला मासा मरणार होता. तेव्हा आम्ही एका राउंडअबाउटवर शिरत होतो. ते म्हणाले, "आमच्या गावात ओढा होता. वरच्या अंगाला गाव, खालच्या अंगाला आमची वस्ती. वर गुरं धुवायची, कपडे धुवायचे, मग ते पाणी आमच्याकडं यायचं. आई ते घागरीत भरायची, फडक्यातून गाळायची, तुरटी फिरवायची आणि रात्रभर ठेवायची. सकाळी वरचं वरचं ओतून घेऊन आम्ही प्यायचो. गाळ कसा बसवतात हे मला कॉलेजात जाऊन शिकावं लागलं नाही." चौथ्या फेरीला त्यांनी इंडिकेटर दिला. "आता मी वरच्या अंगाला आहे. एवढंच आहे बघ ते."

मी म्हणालो, "इंटरेस्टिंग."

ही माझी लायकी. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या राउंडअबाउटवर ते बंद पंपांविषयी बोलू लागले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीला मुलगी झाली. मुलगी एडिनबराला हॉस्पिटलात डॉक्टर होती. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी असते त्या बँक हॉलिडेच्या सुट्टीला जोडून साहेबांनी चार दिवस रजा घेतली, एवढी लांब रजा मी तिथे लागल्यापासून पहिल्यांदाच. जाताना रजिस्टर माझ्या हातात दिलं. शेवटची वीसेक पानं उरली होती. "पाऊस पडला की आधी जायचं, मग बघायचं, मग लिहायचं. या क्रमानं. आणि बरणी भरायची."

"साहेब, तुम्ही नातीला बघा," मी म्हणालो. "इकडचं मी बघतो."

रविवारी मी स्टॅनमोरला मित्राकडे जेवायला गेलो होतो. पुरणपोळी होती, कटाची आमटी होती. जेवता जेवता बाहेर धो धो सुरू झालं. कुणीतरी म्हणालं, लेले, तुझे ते बरणीवाले साहेब आता कुठे असतील रे? मी त्यांची नक्कल करून दाखवली, पेपर धरून वगैरे. चांगली जमली. पाऊस सोमवारीही दिवसभर पडला, आणि मी सोमवारीही स्टॅनमोरलाच होतो, कारण पुरण उरलं होतं.

मंगळवारी सकाळी साइटवर पोचलो तर केव्हिन गेटवरच उभा. तळं भरून काठावरून वाहिलं होतं. व्हॉल्व्हजवळचं कापडी कुंपण आडवं झालं होतं, आणि खालचा ओढा चहासारखा झाला होता. खालच्या वाडीतल्या कुणीतरी खात्याला फोन केला होता. अकराला इन्स्पेक्टर बाई यायच्या होत्या.

केव्हिनने रजिस्टर उघडलं. रविवार कोरा, सोमवार कोरा. तो शांतपणे म्हणाला, "मोठा पाऊस ही देवाची करणी, लेले. त्याला परवाना जात नाही. पण पाऊस पडत असताना कुणी बघायलाच गेलं नाही, ही आपली करणी. त्याला जातो." मग त्याने पेन पुढे केलं. त्याच्या टेबलावर माझ्या वर्क परमिटच्या मुदतवाढीचा फॉर्म पडला होता. त्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. फक्त तो फॉर्म त्याने हाताने नीट सरळ करून ठेवला.

मी लिहिलं, 'रविवार, दुपारी चार. पाहणी केली. तळं, कुंपण, व्हॉल्व्ह ठीक.' सोमवारचंही तसंच. खाली माझी आद्याक्षरं. मग बरण्यांची आठवण झाली. खिडकीत प्रत्येक नोंदीची बरणी होती, या दोन दिवसांच्या नव्हत्या. मी पॅन्ट्रीत गेलो, दोन बरण्या नळाखाली भरल्या, दारातली चिमूटभर रेताड माती टाकली आणि चहाच्या चमच्याने ढवळलं. चिठ्ठ्या डकवल्या. आपण किती बारकाईने काम करतो याचं मला त्या क्षणी कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाई आल्या, ओढा बघून कपाळाला आठ्या घालून केबिनमध्ये बसल्या. त्यांनी खिडकीतल्या बरण्या पाहिल्या, रजिस्टर मागितलं आणि तीन वर्षांची पानं सावकाश उलटली. 'पंप चालू ठेवून जेवायला गेलो' वर त्या हसल्या. शेवटी रजिस्टर मिटून म्हणाल्या, "जो माणूस स्वतःच्या इतक्या चुका लिहून ठेवतो, त्याच्या वहीवर मी शंका घेणार नाही." ताकीद देऊन, तळ्याचा काठ उंच करायला सांगून त्या गेल्या. परवाना वाचला. केव्हिनने माझ्या पाठीवर थाप मारली. साहेबांनी तीन वर्षं जे काही साठवलं होतं ते मी एका सकाळी खर्च करून टाकलं होतं, पण तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

बुधवारी सोनवणेसाहेब आले, शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा घेऊन. "पेढे समजून खा," म्हणाले. नातीचे फोटो सगळ्यांना दाखवले, गवंड्यांनासुद्धा. मग खिडकीपाशी गेले. रविवारची बरणी उचलली.

"रविवारी किती वाजता गेला होतास?"

"चारच्या सुमाराला."

"पाऊस होता?"

"होता की."

त्यांनी बरणीमागे पेपरचं शेवटचं पान धरलं. "इकडं ये. कुत्रं हरवल्याची जाहिरात आहे. त्याच्या पट्ट्याचा रंगसुद्धा वाचता येतोय मला." मग बरणी खाली ठेवली. "आपल्या इथली माती चिकण आहे, लेले. पावसात वाहिली की आठवडा आठवडा खाली बसत नाही. हे नळाचं पाणी आहे."

मी जे म्हणायचं ते म्हणालो, "माझ्या परमिटचा प्रश्न होता, साहेब."

"असेल," ते म्हणाले. "खरंच असेल. मला राग आलाय, पण ते राहू दे. ती ओळ तुझी आहे, मी तिला हात लावणार नाही. तू खोड आणि खाली जे झालं ते लिही. तू लिहिलंस तर मी तुझ्या बाजूला उभा राहीन. खात्यापुढं, केव्हिनपुढं, तुझ्या परमिटवाल्यांपुढं, जिथं म्हणशील तिथं. उद्या नऊला मी वही उघडतो."

संध्याकाळी पाचला सगळे गेल्यावर मी रजिस्टर समोर घेऊन बसलो. पेनाचं टोपण काढलं. आधीच्या पानावरची त्यांची नोंद वाचली, 'चाक धुवायचा पाइप गळतो आहे, सोमवारपासून सांगायचं विसरतो आहे. चूक माझी.' किती सोपं होतं ते. मी टोपण लावलं आणि घरी गेलो.

गुरुवारी नऊला त्यांनी वही उघडली, पाहिली, मिटली. माझ्याकडे बघितलंही नाही. टेबलावरचा फोन ओढून खात्याला लावला आणि आपल्या सावकाश इंग्रजीत बोलले, प्रत्येक शब्द मला ऐकू येत होता. दोन दिवसांच्या नोंदी खऱ्या नाहीत. पाहणी झालेली नाही. परवान्यावर जबाबदार म्हणून नाव माझं आहे, माझ्या मागे काय करायचं हे मी नीट शिकवून गेलो नाही. चूक माझी. तिकडून बहुधा विचारलं गेलं असावं की नोंद कुणी केली. साहेब म्हणाले, "सही वाचता येत असेल तर वाचा. मी नाव सांगणार नाही."

परवाना स्थगित झाला. काही आठवडे साइट बंद राहिली. कंपनीला अचानक जाणवलं की पर्यावरण विभागाची फेररचना करायला हवी आणि त्या रचनेत सोनवणे बसत नाहीत. निरोपाला केक आणला होता. कार्डावर छत्री छापलेली, खाली लिहिलेलं, 'सनी, आता ऊन खा.' केव्हिनने भाषण केलं. माझ्या परमिटला मुदतवाढ मिळाली. रजिस्टर खात्याने पुरावा म्हणून नेलं होतं, शेवटची पानं कोरी ठेवून.

वर्षभराने कंपनीने सगळ्या साइटवर बरण्यांची पद्धत सुरू केली. नव्या बरण्या, कंपनीच्या चिन्हाच्या, वास नसलेल्या. मासिकात डायरेक्टरांचा बरणी हातात धरलेला फोटो आला. या उपक्रमाची जबाबदारी माझ्याकडे देण्यात आली, कारण मला अनुभव होता.

साहेबांना मी शेवटचं पाहिलं ते त्या केकच्या दिवशी. त्यांच्या जुन्या बरण्या खोक्यांत भरल्या होत्या, त्यातलं एक खोकं मी गाडीपर्यंत उचलून नेलं. डिकीत ठेवताना बरण्या एकमेकींवर वाजल्या. ते गाडीत बसले, काच खाली केली आणि म्हणाले, "लेले, एक सांगू का तुला—"

तेवढ्यात मागे विटांचा ट्रक आला आणि त्याने हॉर्न दिला. गेट अरुंद. त्यांना गाडी काढावीच लागली. चाकं आधीच धुतलेली होती.

गेटसमोरच राउंडअबाउट होता. त्यांची गाडी त्यात शिरली आणि त्यांच्या घराकडचा रस्ता सोडून पुढे गेली. एक फेरी झाली. मला वाटलं, आता इकडे वळतील, काय ते सांगतील. मी गेटच्या बाहेर येऊन उभा राहिलो. दुसरी फेरी. काचेतून त्यांचे ओठ हलताना मला स्पष्ट दिसले. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. तिसऱ्या फेरीला ते अगदी माझ्या समोरून गेले, मी हात वर केला, त्यांचं लक्ष समोर होतं. चौथ्या फेरीला त्यांनी इंडिकेटर दिला आणि ते घराच्या रस्त्याला लागले.